फायनानच्या भट्ट्या : तांबे गाळण्याच्या तंत्राचा सहा हजार वर्षांचा इतिहास

जॉर्डनच्या दक्षिण भागात, मृत समुद्राच्या खाली, अरबा नावाची एक लांब व रुक्ष दरी आहे. या दरीच्या पूर्वेकडील डोंगरपायथ्याशी फायनान हा खनिजप्रदेश वसलेला आहे. येथील एका ओसाड जागेला स्थानिक बदू लोक 'खिर्बत अन्‌-नहास' म्हणतात. अरबीत 'नहास' म्हणजे तांबे आणि 'खिर्बत' म्हणजे पडकी वस्ती. तांबे कोणी गाळले, केव्हा गाळले, हे विसरले गेले. पण जागेचे नाव मात्र लोकांच्या जिभेवर राहिले. काळ्या धातुमळाचे ढीग आजही तेथे दूरवरून दिसतात. जर्मनीतील बोखुम येथील खाणकाम संग्रहालयाच्या संशोधकांनी १९८३ पासून या प्रदेशाची पद्धतशीर पाहणी केली. त्यांचे प्रमुख आंद्रेआस हाउप्टमान यांच्या अंदाजानुसार फायनानमध्ये सर्व कालखंडांचा मिळून दीड ते दोन लाख टन धातुमळ साचलेला आहे.

इतिहास लिहिताना आपण बहुधा ग्रंथ, शिलालेख आणि नाणी यांच्याकडे वळतो. फायनानमध्ये मात्र लिखित साधने फारच थोडी आहेत. येथे साधन आहे ते भट्टीचे : तिची फुटकी भिंत, भात्याची मातीची तोटी, राखेतील कोळसा आणि गोठलेला धातुमळ. या साधनांवरून येथील भट्टी कशी बदलत गेली आणि त्या बदलामागे कोणती माणसे व कोणत्या सत्ता होत्या, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मूस आणि फुंकणी

फायनानच्या खडकात तांबे मुख्यतः हिरव्या खनिजांच्या रूपात आढळते. त्यांपैकी मॅलॅकाइट सर्वांच्या परिचयाचे आहे. धातू गाळण्याची कला माहीत होण्याच्या कितीतरी आधी, नवाश्मयुगातच, या हिरव्या दगडाचे मणी करून ते गळ्यात घातले जात असत. म्हणजे मनुष्याचे तांब्याच्या खनिजाकडे लक्ष गेले ते त्याच्या रंगामुळे. धातूचा शोध नंतरचा आहे.

हे खनिज लोणारी कोळशाबरोबर तापविले असता कोळशातून निघणारा वायू खनिजातील प्राणवायू ओढून घेतो व तांबे मोकळे होते. परंतु तांबे वितळण्यास सुमारे १०८५ अंश सेल्सियस तापमान लागते. साध्या चुलीत ते मिळत नाही. त्यासाठी निखाऱ्यांवर सतत वारा घालावा लागतो. इ.स.पू. पाचव्या सहस्रकाच्या उत्तरार्धात ही युक्ती या भागातील लोकांना साधली. त्या काळी खनिज फायनानहून सुमारे १०० किलोमीटर दूर असलेल्या बीरशेबा खोऱ्यातील खेड्यांत नेले जाई व तेथे मातीच्या लहान मुशीत गाळले जाई. वारा घालण्यासाठी बहुधा तोंडाने फुंकण्याच्या नळ्याच होत्या. मुशीतून शुद्ध लगड निघत नसे. धातुमळात अडकलेले तांब्याचे बारीक मणी दगडाने ठेचून वेचावे लागत व पुन्हा वितळवावे लागत.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. खाण एकीकडे व भट्टी दुसरीकडे, अशी ही व्यवस्था आजच्या हिशेबाने तोट्याची वाटते. पण त्या काळी धातू गाळणे हा व्यवसाय नसून मोजक्या कुटुंबांकडे असलेले गुप्त ज्ञान होते. ज्ञान जेथे राहते तेथे खनिज वाहून न्यावे लागते, हा नियम त्यातून दिसतो.

वाऱ्यावर चालणारी भट्टी

इ.स.पू. तिसऱ्या सहस्रकात, म्हणजे आरंभीच्या ब्राँझ युगात, भट्टी खाणीजवळ आली. ती जेथे आली ती जागा विशेष आहे. फायनानच्या टेकड्यांच्या कडांवर, उताराच्या तोंडाशी, लहान लहान भट्ट्यांच्या रांगाच रांगा सापडल्या आहेत. त्यांच्या आसपास भात्याच्या तोट्या मिळत नाहीत. भट्टीचे तोंड मात्र वाऱ्याच्या दिशेला असते. दरीतून चढणारा जोरदार वारा हाच या भट्टीचा भाता होता. समोरच्या बाजूला बोटाएवढ्या जाडीच्या मातीच्या कांड्या वापरीत. अशा कांड्यांचे तुकडे तेथे मोठ्या संख्येने आढळतात.

केवळ वाऱ्यावर एवढे तापमान मिळेल काय, अशी शंका अभ्यासकांना होतीच. तिला बळकट आधार आपल्या शेजारच्या देशातून मिळाला. श्रीलंकेतील समनलवेवा येथे डोंगरकड्यावरील वाऱ्यावर चालणाऱ्या लोखंडाच्या भट्ट्या उजेडात आल्या. गिलियन जुलेफ यांनी तशी भट्टी बांधून ती प्रत्यक्ष चालवून दाखविली व १९९६ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. श्रीलंकेच्या भट्ट्या फायनानच्या या भट्ट्यांहून तीन हजार वर्षांनी अलीकडच्या आहेत आणि दोघींचा परस्परांशी संबंध नाही. पण वारा ओळखून भट्टीची जागा निवडणे हे तंत्र अडाणीपणाचे नव्हे, एवढे त्यावरून सिद्ध होते.

फायनानच्या कारागिरांना खडकानेही साथ दिली. तेथील काही थरांत तांब्याच्या खनिजाबरोबर मँगनीजही असते. मँगनीज द्रावकाचे काम करते, म्हणजे दगडी भाग पातळ करून तांब्यापासून अलग करते. त्यामुळे अशा खनिजात वेगळा द्रावक घालण्याची गरज पडत नसे.

याच काळातील खिर्बत हमरा इफदान ही जागा म्हणजे एक मोठा कारखानाच होता. तेथे अनेक खोल्यांची वस्ती, मुशींचे हजारो तुकडे, आणि कुऱ्हाडी व चंद्रकोरीच्या आकाराच्या लगडी ओतण्याचे मातीचे साचे मिळाले आहेत. टेकडीवर खनिज गाळावयाचे, खाली आणून पुन्हा शुद्ध करावयाचे आणि साच्यात ओतून बाहेर पाठवावयाचे, अशी कामाची वाटणी येथे प्रथमच स्पष्ट दिसते.

भाता, तोटी आणि राज्यसंस्था

इ.स.पू. १२०० च्या सुमारास पूर्व भूमध्य समुद्राभोवतीची मोठी राज्ये कोसळली आणि सायप्रसहून येणाऱ्या तांब्याचा ओघ आटला. ही पोकळी भरून काढली ती अरबा दरीने. फायनान व तिच्या नैर्ऋत्येस असलेली तिमना या दोन्ही ठिकाणी तांब्याचे उत्पादन वाढले. खिर्बत अन्‌-नहास हे याच काळातील प्रमुख केंद्र होय. सुमारे १० हेक्टरांवर पसरलेल्या या वस्तीत शंभरावर इमारतींचे अवशेष असून ७३ मीटर लांब-रुंद असा एक चौकोनी कोट आहे. अमेरिकन पुरातत्त्वज्ञ थॉमस लेवी व जॉर्डनचे मोहंमद नज्जार यांनी येथे २००२ पासून उत्खनन केले. एका ठिकाणी त्यांना सहा मीटरांहून अधिक जाडीचे भट्टीच्या कचऱ्याचे थर खणून काढावे लागले.

या भट्ट्यांना वाऱ्याची वाट पाहावी लागत नव्हती. मातीच्या तोटीतून भात्याचा वारा थेट निखाऱ्यांत सोडला जाई. भट्टी बारमाही आणि कोणत्याही जागी चालू शकत होती. आत साचलेला पातळ धातुमळ भट्टीला भोक पाडून बाहेर वाहू दिला जाई. त्यामुळे एका वेळी अधिक खनिज गाळता येई. आरंभीच्या तोट्या लहान आहेत. इ.स.पू. दहाव्या शतकाच्या अखेरीनंतर मात्र भट्ट्या मोठ्या होतात, तोट्या मोठ्या व एकसारख्या घडणीच्या होतात आणि धातुमळात वाया जाणारे तांबे लक्षणीय रीतीने कमी होते. एरेझ बेन-योसेफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी धातुमळाच्या दीडशेवर नमुन्यांची तपासणी करून २०१९ मध्ये हा निष्कर्ष मांडला. फायनान आणि तिमना या दोन्ही ठिकाणी हा बदल एकाच वेळी व अचानक झालेला दिसतो. मिसरचा फिरऔन पहिला शेशोंक याने याच सुमारास या भागावर स्वारी केली होती, आणि त्याच्या नावाची मुद्रा असलेला एक भुंग्याच्या आकाराचा ताईत खिर्बत हमरा इफदान येथे सापडला आहे. त्यामुळे नव्या तंत्राचा प्रसार व मिसरचा हस्तक्षेप यांचा संबंध हे अभ्यासक जोडतात.

'सुलैमानच्या खाणी'चा वाद

या टप्प्यावर इतिहासाची एक जुनी अडचण उभी राहते. १९३० च्या दशकात नेल्सन ग्लूक यांनी या प्रदेशाची पाहणी केली व येथील भट्ट्या हजरत सुलैमान (अ.स.) यांच्या काळातील असल्याचे सांगितले. जगाला हे मत फार आवडले. पुढे तिमना येथे १९६९ मध्ये मिसरच्या हाथोर देवतेचे मंदिर उजेडात आले आणि तेथील भट्ट्यांचा मुख्य काळ सुलैमानच्या आधीचा, मिसरच्या अमलाखालचा ठरविण्यात आला. एदोमच्या पठारावरील उत्खननांतून तेथील राज्य इ.स.पू. आठव्या-सातव्या शतकाआधीचे नाही, असेही मत पुढे आले. ग्लूक यांचे मत बाजूला पडले. नंतर लेवी यांच्या उत्खननातील कोळशाच्या कार्बन-कालमापनाने खिर्बत अन्‌-नहासचा भरभराटीचा काळ पुन्हा दहाव्या-नवव्या शतकात नेला, आणि वाद नव्याने पेटला. इस्रायल फिंकेलस्टाइन यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्या कालमापनाच्या अर्थाविषयी आक्षेप घेतले.

या वादात दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे आवश्यक आहे. भट्टी दहाव्या शतकातील आहे, हे एक विधान. ती अमुक राजाची आहे, हे दुसरे. पहिल्याला कोळशाचा पुरावा आहे, दुसऱ्याला नाही. 'राजा सुलैमानच्या खाणी' हा शब्दप्रयोग लोकप्रिय झाला तो रायडर हॅगार्ड यांच्या १८८५ च्या इंग्रजी कादंबरीमुळे. बायबलमध्ये सुलैमानच्या तांब्याच्या खाणीचा उल्लेख नाही. कुरआन शरीफच्या सूरह सबामध्ये हजरत सुलैमानसाठी वितळलेल्या तांब्याचा झरा वाहता केल्याचा निर्देश आहे. तेथेही कोणत्याही जागेचे नाव नाही. धर्मग्रंथात जे सांगितलेले नाही ते नकाशावर दाखवू पाहणे हा ना धर्माचा आदर आहे, ना इतिहासाचा. आपल्याकडेही दंतकथेवरून स्थळनिश्चिती करण्याची घाई वरचेवर होत असते. म्हणून हा वाद वर्गात शिकविण्याजोगा आहे.

या वादात ज्यांच्याकडे सर्वांत कमी लक्ष गेले ते लोक म्हणजे प्रत्यक्ष भट्टी चालविणारे. बेन-योसेफ यांच्या मते हे लोक मोठी शहरे न बांधणारे, तंबूत राहणारे टोळीवाले असावेत आणि त्यांचे संघटित राज्यही असू शकते. दगडी वाडे नसले की राज्य नव्हते, असे गृहीत धरणे चुकीचे आहे, असा त्यांचा मुद्दा आहे. तो सर्वांना मान्य नाही. पण भटक्या म्हणून हिणविल्या गेलेल्या समाजाकडे एवढे सूक्ष्म तंत्रज्ञान असू शकते, ही शक्यता त्यामुळे प्रथमच गंभीरपणे विचारात घेतली गेली.

रोमन काळ : मोठी भट्टी, बंदिवान माणूस

इ.स.पू. नवव्या शतकाच्या अखेरीस हे उत्पादन थांबले. पुढे नबातियन व विशेषतः रोमन अमलात फायनान पुन्हा जागे झाले. इ.स. १०६ मध्ये रोमनांनी हा भाग आपल्या अरबस्तान प्रांतात सामील केला. त्यांनी विखुरलेल्या भट्ट्या मोडीत काढून सारे गाळप खिर्बत फायनान या एकाच ठिकाणी आणले. पाण्यासाठी पाट व हौद बांधले, कामगारांच्या पोटासाठी वाडीत शेती उभी केली. उम्म अल्‌-अमद येथील रोमन खाण म्हणजे खडकात कोरलेले एक प्रचंड दालन असून छत तोलण्यासाठी मध्ये खडकाचेच खांब राखलेले आहेत. व्यवस्थापनाच्या दृष्टीने हा कळस होता.

पण खाणीत जाणारा माणूस आता कारागीर नव्हता, कैदी होता. खाणीची सजा ही रोमन कायद्यात देहदंडाच्या खालोखाल मानली जाई. चौथ्या शतकाच्या आरंभी रोमन सम्राटांनी ख्रिस्ती प्रजेचा छळ केला, तेव्हा अनेकांना या खाणीत धाडण्यात आले. त्या काळचा इतिहासकार युसेबियस याने लिहून ठेवले आहे की, त्यांचा उजवा डोळा फोडून व डाव्या पायाची शीर डागून त्यांना पाठविले जाई. गाझाचे धर्मगुरू सिल्वानुस यांचा अन्य एकोणचाळीस जणांसह येथे शिरच्छेद झाला. ज्या काळात उत्पादनाची शिस्त सर्वांत मोठी, त्याच काळात माणसाची किंमत सर्वांत कमी, हा विरोधाभास फायनानच्या इतिहासातून डोळ्यांत भरतो. तंत्राच्या प्रगतीला केवळ टनांनी मोजणाऱ्यांनी तो विसरता कामा नये.

इस्लामी काळ आणि साखरेची काहील

रोमनांनंतर फायनानचा इतिहास संपला, असे जुन्या पुस्तकांत सुचविलेले असे. ते खरे नाही. अरबा दरीच्या दक्षिण भागातील बीर ओरा येथील भट्ट्या आधी रोमन समजल्या जात होत्या. त्या इस्लामच्या आरंभीच्या शतकांतील असल्याचे पुढील संशोधनाने दाखविले. खुद्द फायनानमध्ये खिर्बत नुकैब अल्‌-असैमिर या जागी बाराव्या-तेराव्या शतकांत तांबे गाळले जात होते. सुलतान सलाहुद्दीन अय्युबी यांच्या फौजांनी ११८८ मध्ये करक आणि ११८९ मध्ये शौबक हे किल्ले क्रुसेडर्सकडून घेतले, त्यानंतरचा हा काळ आहे.

एवढ्या शतकांनी ही खाण पुन्हा का उघडली असावी? इयन जोन्स, लेवी व नज्जार यांनी २०१२ मध्ये सुचविलेले उत्तर मराठी वाचकाला चटकन पटण्यासारखे आहे. फायनानच्या उत्तरेस चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरांवर, मृत समुद्राच्या टोकाशी, गौर अस्‌-साफी येथे त्या काळी उसाची लागवड व साखरेचे मोठे कारखाने होते. उसाचा रस पुन्हा पुन्हा आटविण्यासाठी तांब्याची मोठी भांडी लागत. बेळगाव-कोल्हापूरकडील गुऱ्हाळ ज्याने पाहिले आहे, त्याला काहिलीशिवाय रस आटत नाही हे सांगावे लागत नाही. साखर वाढली की काहिली वाढतात आणि काहिली वाढल्या की तांबे वाढावे लागते. हे उत्पादन रोमन काळाच्या तुलनेत लहान होते आणि ते फार काळ टिकले नाही. तरीही त्याचे महत्त्व कमी नाही. शेतीतील एक पीक दूरच्या डोंगरातील विझलेली भट्टी पेटवू शकते, असा अर्थव्यवस्थेचा धागा त्यातून दिसतो. इस्लामी काळाला केवळ लढायांच्या व राजवंशांच्या चौकटीत पाहणाऱ्या इतिहासलेखनाने हा धागा बराच काळ हाती घेतला नव्हता.

कोळसा, धूर आणि आजचा प्रश्न

कोणतीही भट्टी अखेर लाकूड खाते. तिमना येथील भट्ट्यांतील कोळशाचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. आरंभी तेथे बाभळीच्या जातीची व रेतम नावाच्या वाळवंटी झुडपाची उत्तम लाकडे जाळली जात. पुढे जळणाचा दर्जा घसरत गेला आणि ते दुरून आणावे लागले. खनिज शिल्लक असताना तेथील उद्योग थांबला, त्याचे एक कारण हे असावे असे त्या अभ्यासकांचे मत आहे.

धुराविषयी मात्र अद्याप एकमत नाही. ब्रिटिश संशोधकांनी फायनानच्या मातीत, वनस्पतींत व प्राचीन अस्थींमध्ये शिसे व तांबे यांचे मोठे प्रमाण नोंदविले. त्यावरून प्राचीन प्रदूषणाचा परिणाम आजच्या बदू वस्तीवर आणि त्यांच्या शेळ्यांवरही होत असावा, असे म्हटले गेले. तेल अवीव विद्यापीठाच्या संशोधकांनी तिमनाची माती तपासून २०२४ मध्ये वेगळा निष्कर्ष मांडला : तेथील प्रदूषण भट्टीच्या लगतच्या जागेपुरते मर्यादित आहे. दोन ठिकाणे वेगळी, नमुने वेगळे; तेव्हा एका अभ्यासाने दुसरा आपोआप खोटा ठरत नाही.

हा प्रश्न केवळ अभ्यासिकेतील नाही. फायनानच्या माथ्यावरील दाना खोऱ्यात १९८९ पासून जॉर्डनचे एक मोठे राखीव निसर्गक्षेत्र आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये जॉर्डन सरकारने तांब्याच्या खाणकामासाठी या क्षेत्राची हद्द बदलण्याचा निर्णय घेतला. रोजगार व महसूल हे त्यामागील कारण होते. निसर्गरक्षणाचे काम करणाऱ्या तेथील संस्थेने त्यास उघड विरोध केला. सरकारची गरज खोटी नाही आणि विरोधकांची भीतीही खोटी नाही. या वादात फायनानचा इतिहास काही सांगू शकत असेल तर ते हे : येथे प्रत्येक वेळी भट्टी कोणाच्या तरी गरजेसाठी पेटली आणि तिचा खर्च बहुधा दुसऱ्याच कोणी तरी सोसला. तो खर्च कोण सोसणार, हे भट्टी पेटविण्यापूर्वी विचारले पाहिजे.

समारोप

फायनानच्या इतिहासाचा क्रम मूस, वाऱ्याची भट्टी, भात्याची भट्टी, एकवटलेला रोमन कारखाना आणि शेवटी लहानशी अय्युबी भट्टी असा आहे. ही चढती पायरी नव्हे. मध्ये शतकानुशतकांचे खंड आहेत. प्रत्येक वेळी नवी मागणी, नवी सत्ता आणि नवे हात आले. म्हणून 'तंत्राचा विकास' हा शब्द जपून वापरला पाहिजे.

आपल्या देशातही राजस्थानातील खेतडी-सिंघाना पट्ट्यात तांब्याच्या अशाच प्राचीन खाणी आहेत. अबुल फजल याने 'आईन-इ-अकबरी'त सिंघान्याच्या तांब्याची दखल घेतली आहे, आणि त्याच पट्ट्यालगत गणेश्वर येथे इ.स.पू. तिसऱ्या सहस्रकातील तांब्याची शेकडो बाणाग्रे मिळाली आहेत. त्या भट्ट्यांचा इतिहास शिकविताना तांबे किती निघाले याबरोबरच भाता कोणी ओढला, कोळसा कोठून आला आणि तांबे कोणाच्या घरी गेले, हे तीन प्रश्न विद्यार्थ्यांसमोर ठेवता येतील. खिर्बत अन्‌-नहासच्या काळ्या ढिगाऱ्याने त्यांची उत्तरे मिळू शकतात हे दाखवून दिले आहे.